बोटं गेली, आता वकील कोणता? सरकारी पॅनेलचा, फीचा की युनियनचा

आमच्या वाडीतला एक खलाशी, वय 35. गेल्या हंगामात ट्रॉलरच्या, जाळं ओढणाऱ्या विंचमध्ये त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. बोट बंदराला लागली, नाखव्याच्या (बोटमालकाच्या) माणसाने त्याला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात केसपेपरवर लिहून घेतलं गेलं, ‘घरी पडून लागले.’ आठवड्याने शेठ फळांची पिशवी आणि 40 हजार रुपये घेऊन घरी आले. ‘मी काय परका आहे का रे? कोर्टाच्या नादाला लागलास तर वकीलच खातील सगळे.’ शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मालक लोकांना आपल्यापेक्षा जास्त पाठ असते.

आता हिशेब बघा. कामगाराला अपघाताची भरपाई देणाऱ्या कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटं गेली की कमाईची ताकद 20 टक्क्यांनी घटली असं धरतात. पगार कितीही असो, हिशेबाला महिना 15 हजारांपर्यंतच घेतात. त्याचे 60 टक्के 9 हजार, 35 वयाचा गुणक 197.06, गुणाकार 17,73,540. त्याचे 20 टक्के म्हणजे 3,54,708 रुपये. दवाखान्याची बिलं वेगळी. चूक मालकाची होती हे सिद्ध करायचीही गरज नाही. कामावर असताना कामामुळे लागलं एवढं पुरतं. हा हिशेब 1923 च्या कायद्यातला. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण गणित तेच राहिलं.

म्हणजे 40 हजार आणि साडेतीन लाख यांच्यातलं अंतर कापून द्यायला कोण लागेल, हा खरा प्रश्न.

आधी पगाराची पावती काढा

लोटे, महाड, रोहा इकडच्या कारखान्यात असाल तर पावतीवर ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) 0.75 टक्के कपात आहे का बघा. असेल तर वकील शोधण्यात वेळ घालवू नका. ईएसआयमध्ये असलेल्या कामगाराला भरपाईचा वेगळा दावा लावताच येत नाही, त्याला ईएसआयकडूनच मिळतं. कामावर जाता येत नाही तोवर रोजच्या सरासरी पगाराच्या 90 टक्के, आणि कायमचं अपंगत्व असेल तर त्या प्रमाणात दर महिन्याला, आयुष्यभर. कंपनीने अपघाताचा अहवाल पाठवला की नाही एवढ्यावर नजर ठेवा.

कपात नसेल, म्हणजे खलाशी, चिरेखाणीवरचा मजूर, बांधकामावरचा गवंडी, आंब्याच्या झाडावर चढणारा गडी, तर पुढचं तुमच्यासाठी. मासेमारी आणि शेती या कायद्यात येत नाही असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तरी ऐकू नका. येते.

पॅनेलचा वकील आणि फीचा वकील

तालुक्याच्या कोर्टातच मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा समितीचं कार्यालय असतं; तिच्या यादीतला तो पॅनेलचा वकील. जिल्ह्याचं प्राधिकरण रत्नागिरीला, ओरोसला, अलिबागला. फोन करायचा तर 15100. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. वकिलाची फी, कोर्टाचा खर्च, कागदांच्या नकला सगळं त्यांच्याकडून.

‘फुकटचा तो फुकटचाच’ असं पारावर म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. पॅनेलवरचे वकील तेच, जे बाहेर फी घेऊन काम करतात. फरक पडतो तो कोण वाट्याला येतो त्यात. जमिनीच्या वाटपात आयुष्य गेलेला वकील मिळाला तर तो तारखेला हजर राहील, पण डॉक्टरला साक्षीला बोलवायचं त्याला सुचेलच असं नाही. आणि इथे डॉक्टरच दावा तारतो. परिशिष्टातला टक्का हा तळ असतो, छत नव्हे. 1975 च्या एका निकालात सुतारकाम करणाऱ्याचा डावा हात कोपराच्या वर कापला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने हाताचा टक्का न बघता, एका हाताने सुतारकी होत नाही म्हणून नुकसान शंभर टक्के धरलं. जाळं ओढणाऱ्याच्या दोन बोटांचा युक्तिवादही याच वाटेने जातो. हे ज्याला माहीत आहे असा वकील पॅनेलवर मिळाला तर पैसे घालवू नका. नाही मिळाला तर त्याच कार्यालयात अर्ज करून बदलून मागा. लाजायचं कशाला?

फीचा वकील निवडताना मोटार अपघाताचे दावे चालवणारा बघा. विमा कंपनीशी दोन हात करायची सवय त्यालाच असते. फी आधी ठरवा, पावती मागा. ‘आत्ता काही देऊ नका, मिळेल त्यात टक्का द्या’ हे ऐकायला गोड लागतं, पण निकालावर टक्का ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. असा सौदा करणारा पुढे चेक कुणाच्या नावावर घेतो, याकडे डोळे लावून बसावं लागतं.

मालक ‘हा माझ्याकडे कामालाच नव्हता’ म्हणत असेल, तर मात्र मी फीच्या, अनुभवी वकिलाकडे झुकेन. खलाशाला पगार नसतो, वाटा असतो. हजेरी तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्याच्या, डोक्यात. मग साक्षी उभ्या करायच्या, डिझेलच्या वहीत नाव शोधायचं, नाखव्याने फोनवर पाठवलेले पैसे दाखवायचे. हे काम हेलपाट्यांचं आहे आणि हेलपाटे घालणारा माणूस लागतो. उलट मालक काम कबूल करतोय आणि भांडण फक्त रकमेचं आहे, तर पॅनेलचा वकील पुरतो.

मुंबईचा वकील करायचा मोह मुंबईत नोकरी करणाऱ्या प्रत्येक घरात होतो. पनवेलच्या साइटवर अपघात झाला तरी दावा तुम्ही राहता तिथेही लावता येतो. राजापूरच्या विधवेने तारखेतारखेला गाडीत उभं राहून मुंबई गाठायची काही गरज नाही.

युनियन

जिथे आहे तिथे चांगली. नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारी वकिलाच्या जागी उभा राहू शकतो, आणि ठेकेदार पळाला तर मूळ मालकालाच धरता येतं हे त्याला सांगावं लागत नाही. बोटीवर आणि खाणीवर युनियन मिळणार कुठून, हे तुम्हीही जाणता.

आणि शेठचे 40 हजार?

घरातली माणसं म्हणतात, घेऊन टाक, हातातलं कशाला सोडतोस. गंमत अशी की घेतले तरी दावा संपत नाही. ‘यापुढे माझी काही मागणी नाही’ असं स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं तरी तो कागद हक्क मारू शकत नाही. तडजोड केली तर तिची नोंद आयुक्ताकडे व्हावी लागते (हा आयुक्त म्हणजे बहुतेक ठिकाणी न्यायाधीशच; नव्या संहितेत त्याला ‘सक्षम प्राधिकारी’ म्हणतात), आणि रक्कम अपुरी वाटली तर तो नोंद नाकारू शकतो. नोंद नसेल तर मालक पूर्ण रकमेला बांधील राहतो. दिलेल्या पैशातली निम्म्यापेक्षा जास्त वजावट त्याला आयुक्ताच्या हुकमाशिवाय मिळत नाही. माणूस गेला असेल तर बायकोच्या हातात दिलेली रोकड, तीन महिन्यांच्या पगाराएवढी आगाऊ रक्कम सोडली तर, भरपाई म्हणून धरत नाहीत, रक्कम आयुक्ताकडे भरावी लागते.

म्हणून तडजोड वाईट असं मी म्हणणार नाही. मालक भला असेल तर सगळ्यात लवकर पैसे त्याच रस्त्याने येतात. फक्त ती आयुक्तासमोर करा, ओट्यावर नको.

मुदत अपघातापासून दोन वर्षांची. पण त्याहून घाई केसपेपरची. आमच्या खलाशाने आधी दवाखान्यात जाऊन ट्रॉलर कोणता, विंच कसा अडकला, सोबत कोण होते, हे सांगणारा अर्ज दिला आणि पोच घेतली. मग तालुक्याच्या समितीत गेला. मालक काम कबूल करत होता, म्हणून पॅनेलचाच वकील घेतला. वकिलाने पहिल्याच भेटीत फाईल बाजूला सारून विचारलं, ‘डाव्या हाताने जाळं ओढून बघितलंस का? किती वेळ टिकतो?’

माणूस बरोबर मिळाला, असं त्याने मला फोन करून सांगितलं.