फॉर्मवर नंबर त्याचा होता

धाकट्या भावाला सरकारी विद्यापीठात पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश हवा होता. आमच्या घरात याआधी कुणी ऑनलाइन फॉर्म भरलेला नव्हता. फॉर्म चुकला तर वर्ष वाया जाईल, या धास्तीने ओळखीतून कळलेल्या एका माणसाकडे गेलो. "ताई, काळजी करू नका, आतपर्यंत ओळख आहे," असं तो म्हणाला, तेव्हाच तिथून उठायला हवं होतं. जिथे ठरलेल्या नियमांनी यादी लागते, तिथे ओळखीचं काय काम?

त्याने अर्ध्या तासात फॉर्म भरून प्रिंट हातात दिली. आम्ही दोघांनी ती 3 वेळा वाचली. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, गुण, विषयांचा पसंतीक्रम, सगळं तपासलं. फोटोच्या शेजारच्या चौकटीत मोबाइल नंबर आणि ईमेल छापलेला होता. दोन्ही त्याचे होते, आणि ते आमच्या लक्षातच आलं नाही.

फॉर्मवर ज्याचा नंबर, त्याच्याच हातात सगळं. ओटीपी त्याला जातो, पासवर्ड तो बदलू शकतो, विद्यापीठाचा निरोपही त्यालाच मिळतो.

पहिली यादी लागली म्हणून ऐकलं. त्याला विचारलं, तर म्हणाला, "यादी लॉगिननेच दिसते, मी पाहिली, नाव नाही. कागदपत्रांत त्रुटी निघाली आहे, पैसे भरले तर जागा धरून ठेवतील." पैसे त्याच्या स्वतःच्या खात्यात मागितले, आणि आम्ही भरले. दुसऱ्या दिवशी 'तात्पुरता प्रवेश निश्चित' असं पत्र आलं, शिक्का आणि सही असलेलं. पावती मागितली तर टाळाटाळ. त्या पत्रावर अर्ज क्रमांक नव्हता, हे भावानेच रात्री दाखवलं.

सकाळी आम्ही प्रवेश विभागात गेलो. खिडकीतल्या बाईंनी अर्ज क्रमांक टाकला, पत्र बाजूला ठेवलं आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. पहिली फेरी: जागा मिळाली. स्वीकृती: नाही. मुदत संपलेली होती.

म्हणजे भावाला त्याच्या गुणांवर, हव्या त्या विषयाला जागा मिळाली होती. ती स्वीकारायचा निरोप त्या माणसाच्या फोनवर पडून राहिला आणि जागा यादीतल्या पुढच्या मुलाकडे गेली. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण भाऊ त्या स्क्रीनकडे बघत नुसता उभा राहिला, ते मला विसरता येत नाही.

पोलिसांत तक्रार दिली, बँकेलाही कळवलं. पैसे अजून मिळालेले नाहीत. प्रवेश विभागात लेखी अर्ज आणि ओळखपत्र देऊन फॉर्मवरचा नंबर बदलून घेतला. पुढच्या फेरीत भावाला पसंतीक्रमातल्या चौथ्या विषयाला जागा मिळाली, ती त्याने स्वतः स्वीकारली.

टायपिंगसाठी कुणाची मदत घ्या, त्यात काही गैर नाही. पण नंबर आणि ईमेल मुलाचाच द्या, पासवर्ड त्यालाच ठेवू द्या. शुल्क त्याच्या लॉगिनमधूनच भरा आणि पावती तिथेच दिसते का ते बघा. फॉर्म आधीच दुसऱ्याकडून भरून घेतला असेल, तर आत्ता प्रिंट काढून ती चौकट वाचा. नंबर तुमचा नसेल तर यादी लागायची वाट पाहू नका. ओळखपत्र घेऊन प्रवेश विभागात जा आणि तो बदलून घ्या.