फिल्मचा रोल: घरी धुवायचा की लॅबला द्यायचा?

शेवटची फ्रेम झाली आणि लिव्हर पुढे सरकेना. रिवाइंडची चकती फिरवता फिरवता फिल्म आतल्या स्पूलवरून सुटली, बोटांना एकदम हलकं लागलं. रोल हातात आला. आता तो धुवायचा कुणी?

फिल्मवर फोटो काढायला नव्याने लागलेल्या बहुतेकांना हा प्रश्न पडतो आणि त्यावर दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, स्वतः धुतल्याशिवाय फिल्मची मजाच नाही. दुसरा म्हणतो, रसायनांचं झेंगट गळ्यात कशाला घ्यायचं? मी बरीच वर्षं दोन्ही करते. माझं मत आधीच सांगून टाकते: पहिले दोन-तीन रोल लॅबला द्या, मग कृष्णधवल घरी धुवायला लागा आणि रंगीत लॅबकडेच राहू द्या. कारणं पुढे देते. तुमची परिस्थिती वेगळी असेल तर निर्णय कुठे बदलतो, तेही ओघात येईलच.

आधी लॅब का?

तुमच्या हातात आलेला कॅमेरा बहुधा तीस-चाळीस वर्षांचा असतो. त्याचा शटर बरोबर चालतो का, मागच्या दाराचा फोम झिजून उजेड आत शिरतो का, मीटर खरं सांगतो का, यातलं काहीच तुम्हाला माहीत नसतं. त्यात रोलही पहिल्यांदाच घरी धुतला आणि निगेटिव्ह फिकट निघाली, तर दोष कुणाला द्यायचा? उजेड कमी पडला, की डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) थंड होता? दोन अनोळखी गोष्टी एकदम सुरू केल्या की चुकीचा माग लागत नाही. चांगल्या लॅबमध्ये तापमान आणि वेळ रोज सारखीच असते. त्यामुळे तिथून आलेल्या निगेटिव्हमध्ये काही बिघडलेलं दिसलं, तर आधी संशय कॅमेऱ्यावर आणि आपल्या मोजमापावर घ्यायचा.

निगेटिव्ह वाचायला मात्र शिकावं लागतं. फ्रेमच्या बाहेर, फिल्मच्या काठावर कंपनीचं नाव आणि आकडे असतात. ते कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले असतात आणि तुमच्या फोटोंबरोबरच डेव्हलप होतात. म्हणून मी सगळ्यात आधी काठ बघते. आकडे ठळक आणि फ्रेम कोऱ्या, म्हणजे धुलाई नीट झाली, फिल्मच कॅमेऱ्यात पुढे सरकली नव्हती. आकडेही फिकट असतील तर डेव्हलपर कमी पडला. आणि आकडेसुद्धा नाहीत, पट्टी काचेसारखी स्वच्छ?

ते मी एकदा पाहिलंय. दोन बाटल्या सारख्याच होत्या आणि मी आधी फिक्सर ओतला. फिक्सर काय करतो, तर उजेड न लागलेली चांदीची क्षारं विरघळवून टाकतो. डेव्हलपरच्या आधी गेला तर सगळीच क्षारं विरघळतात, चित्र उमटायला मागे काही राहतच नाही. छत्तीस फ्रेम गेल्या, आणि त्या पुन्हा काढता येणाऱ्या नव्हत्या. तेव्हापासून बाटल्यांवर मोठे आकडे लिहिलेले असतात: १, २, ३. टँकशेजारी (फिल्म धुण्याचा, उजेड आत न जाणारा डबा) त्या त्याच क्रमाने मांडल्याशिवाय मी झाकण उघडत नाही.

लॅबला देताना

लॅबला देण्यात कमीपणा काहीच नाही. प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँला डार्करूममध्ये फारसा रस नव्हता. त्याच्या प्रिंट पॅरिसमध्ये पिएर गासमानच्या लॅबमध्ये होत. फोटो काढणं आणि रोल धुणं ही दोन वेगळी कामं आहेत. तुम्हाला पहिलंच आवडत असेल, तर दुसरं दुसऱ्याला खुशाल द्या.

फक्त देण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या. निगेटिव्ह परत मिळणार का? काही ठिकाणी नुसते स्कॅन पाठवतात आणि निगेटिव्ह काही दिवसांनी टाकून देतात. स्कॅन किती पिक्सेलचा? कृष्णधवल कोणत्या डेव्हलपरमध्ये धुतात? पुश करून देतात का, म्हणजे ४०० चा (हा फिल्मच्या संवेदनशीलतेचा, आयएसओचा आकडा) रोल १६०० वर काढला असेल तर त्याला जास्त वेळ देतील का? नीट उत्तरं देणारी लॅब मिळाली की तिला धरून राहा. एका ठिकाणी माझ्या रोलचे तुकडे करताना कात्री थेट एका फ्रेमवरून गेली होती. त्यानंतर मी पाकिटावरच मोठ्या अक्षरांत लिहायला लागले: कापू नका, अख्खी पट्टी परत द्या.

लॅबवर अवलंबून राहण्याचं टोक बघायचं असेल तर कोडाक्रोम आठवा. १९३५ साली आलेली ही स्लाइड फिल्म धुण्याची प्रक्रिया इतकी गुंतागुंतीची होती की घरी करायचा प्रश्नच नव्हता. २००९ मध्ये कोडॅकने तिचं उत्पादन थांबवलं. ती धुणारी जगातली शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावी होती, तिने ३० डिसेंबर २०१० पर्यंत रोल घेतले. त्यानंतर कुणाच्या कपाटात उरलेला कोडाक्रोमचा रोल रंगीत धुऊन मिळायचा मार्ग बंद झाला.

कृष्णधवलला ही भीती नाही. रोडिनल हा डेव्हलपर १८९१ पासून आहे. डी-७६ हा दुसरा डेव्हलपर १९२० च्या दशकात आला आणि त्याची कृती जगजाहीर आहे: एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. उद्या सगळ्या लॅब बंद झाल्या तरी तराजू असलेला माणूस आपला रोल धुऊ शकतो. माझा कल घराकडे आहे त्यामागे हेही एक कारण आहे.

कृष्णधवल घरी: प्रत्यक्षात काय करावं लागतं

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे डार्करूम लागते. रोल धुवायला ती लागत नाही. अंधार फक्त फिल्म टँकमधल्या रिळावर चढवताना लागतो आणि त्याला चेंजिंग बॅग (हात घालायची, उजेड आत न येणारी काळी पिशवी) पुरते. टँकचं झाकण बसलं की पुढचं सगळं लख्ख उजेडात. लाल दिवाही नाही. तो प्रिंटच्या कागदासाठी असतो. आजच्या बहुतेक कृष्णधवल फिल्मना लाल प्रकाशही दिसतो, त्या लाल दिव्यात उघडल्या तर खराबच होतील.

अवघड काय, तर ते रीळ. काळ्या बॅगेत दोन्ही हात कोपरापर्यंत घातलेले. डबीचं टोपण उचकटायचं, फिल्मचं टोक कात्रीने सरळ कापायचं, दोन कोपरे किंचित तिरपे छाटायचे, मग रिळाच्या खाचा अंगठ्यांनी चाचपून टोक आत सरकवायचं. त्या खाचांमागे दोन बारीक गोळ्या असतात. रिळाच्या दोन्ही बाजू आळीपाळीने मागेपुढे फिरवल्या की त्या फिल्म पकडून आत ओढतात आणि नीट चाललं असेल तर एका लयीत हलकी कुरकुर ऐकू येते. आवाज बदलला की थांबायचं. जोर लावला तर फिल्म खाचेतून सुटते आणि दोन वेढे एकमेकांना चिकटतात. तिथे रसायन पोचत नाही, तेवढा डाग कायमचा. रीळ ओलं असेल किंवा बॅगेत हाताला घाम सुटला तरी फिल्म अडते. म्हणून एक रोल वाया घालवाच. आधी उघड्या डोळ्यांनी चढवा, मग डोळे मिटून, मग बॅगेत, हात आपोआप चालेपर्यंत.

पुढचं काम स्वयंपाकातल्या साध्या कृतीइतकं सरळ आहे. उदाहरणार्थ, इल्फर्डच्या एचपी५ प्लस फिल्मचा रोल ४०० वर काढलेला असेल, डी-७६ एकास एक पाण्यात मिसळलेला असेल आणि तापमान २० अंश असेल, तर डेव्हलपरमध्ये ११ मिनिटं. पॅटरसन कंपनीच्या टँकमध्ये ३५ मिमीच्या एका रोलला २९० मिलीलिटर द्राव लागतो, १२० च्या रुंद रोलला ५००. पहिल्या दहा सेकंदांत टँक चारदा उलटासुलटा करायचा, मग दर मिनिटाला पुन्हा चारदा. प्रत्येक वेळी टँक ओट्यावर एकदा ठोकायचा म्हणजे फिल्मला चिकटलेले बुडबुडे सुटतात. मग स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारा द्राव), मग फिक्सर. धुवायला नळ तासभर सोडून ठेवायची गरज नाही. टँक पाण्याने भरून ५ वेळा उलटायचा, पाणी बदलून १० वेळा, पुन्हा बदलून २० वेळा. शेवटच्या पाण्यात वेटिंग एजंटचे एक-दोन थेंब टाकायचे, नाहीतर सुकताना पाण्याचे डाग पडतात.

हवा उष्ण असेल तर २० अंशांचा हट्ट धरू नका. २४ अंशांवर वेळ कमी करून चालतं, फक्त डेव्हलपिंग पाच मिनिटांच्या खाली जाऊ देऊ नका, धुलाई असमान होते. बाकीची रसायनं आणि पाणीही साधारण त्याच तापमानाचं ठेवा.

यातून काय मिळतं? पैसे वाचतात, पण मी ते पहिलं कारण मानत नाही. कृष्णधवलमध्ये धुणं हा फोटोचाच अर्धा भाग आहे. भर उन्हातला रोल असेल तर वेळ थोडी कमी करून मी पांढरे भाग सांभाळते. ढगाळ दिवसाच्या मवाळ रोलला वेळ वाढवते. ग्रेन (चित्रातले दाणे) बारीक हवी की ठसठशीत, त्याप्रमाणे डेव्हलपर निवडते. लॅबमध्ये हे निर्णय बहुधा तुमच्यासाठी घेऊन ठेवलेले असतात.

रंगीतचं गणित निराळं

रंगीत निगेटिव्हची सी-४१ ही प्रक्रिया १९७२ सालची. डेव्हलपर ३७.८ अंशांवर, ३ मिनिटं १५ सेकंद, आणि तापमानात अर्ध्या अंशाचाही फरक पडू द्यायचा नाही. हे घरी जमतं. गरम पाण्याच्या टबात बाटल्या ठेवून, पाणी स्थिर ठेवणारा हीटर लावून कितीतरी लोक करतात. चुकलं तर मात्र तिन्ही रंगांचे थर वेगवेगळे बिघडतात. मग सावल्या एका रंगाकडे झुकतात आणि उजळ भाग दुसऱ्याकडे. असलं निगेटिव्ह स्कॅनमध्ये पुरतं सावरत नाही.

त्याहून मोठा मुद्दा हा की, पुश सोडला तर, इथे तुम्ही ठरवायचं असं काही उरतच नाही. १०० ची फिल्म असो की ८००ची, कंपनी कोणतीही असो, सगळ्यांना तीच वेळ आणि तेच तापमान. तुम्ही मशीनचंच काम हाताने करता. शिवाय मिसळलेली रसायनं फार काळ टिकत नाहीत. लिटरभराच्या किटमध्ये साधारण आठ रोल निघतात आणि ते काही आठवड्यांत उरकावे लागतात. डी-७६ भरलेल्या, घट्ट बंद बाटलीत सहा महिने टिकतो, रोडिनल कित्येक वर्षं. महिन्याला एक-दोन रंगीत रोल काढणाऱ्याने घरच्या किटच्या नादी लागू नये असं मला ठामपणे वाटतं. मोठ्या प्रवासातून दहा रोल घेऊन आलात तर गोष्ट वेगळी, तेव्हा किट एका शनिवार-रविवारी वसूल होतं. स्लाइड फिल्म तर मी लॅबलाच देते. तिथे चुकीला जागा आणखी कमी.

दोन अपवाद लक्षात ठेवा. इल्फर्डची एक्सपी२ सुपर ही कृष्णधवल फिल्म सी-४१ मध्येच धुतात. कृष्णधवल आवडतं पण घरी धुवायचंच नाही, अशांसाठी ती उत्तम, कारण ती कुठल्याही रंगीत लॅबमध्ये चालते. आणि सिनेमाची फिल्म कापून डबीत भरलेले रोल मिळतात, त्यातल्या ज्यांच्या पाठीवर रेमजेट नावाचा काजळीचा थर असतो ते न सांगता लॅबला देऊ नका. तो थर मशीनमध्ये सुटला तर इतरांचेही रोल खराब होतात.

रोल साठू देऊ नका

हे दोन्हीकडे लागू आहे. १९८४ साली अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड वारला तेव्हा त्याच्यामागे सुमारे २,५०० रोल न धुतलेले राहिले होते. आपण तेवढे साठवणार नाही, पण फ्रिजमध्ये सहा-सात रोल वर्षभर पडून राहिलेले मी अनेकांकडे पाहिलेत. लॅबला देणाऱ्यांचे पैशांमुळे साठतात, घरी धुणाऱ्यांचे आळसामुळे. काढलेलं चित्र न धुता पडून राहिलं की हळूहळू फिकट होत जातं. शिवाय त्या दिवशी कोणतं ॲपर्चर ठेवलं होतं ते विसरल्यावर निगेटिव्ह बघून शिकण्यासारखं फारसं उरत नाही. आपण नक्की कोणत्या कारणाने टाळाटाळ करू, हे ज्याचं त्याला ठाऊक असतं. त्यावरूनही ठरवता येईल.

वापरलेल्या फिक्सरचाही आधीच विचार करून ठेवा. त्यात विरघळलेली चांदी असते, तो मोरीत ओतायचा नसतो. वेगळ्या कॅनमध्ये साठवा आणि एखादी लॅब किंवा रासायनिक कचरा घेणारं केंद्र तो घेतं का ते विचारा. याची सोय होत नसेल, तर ते लॅबच्या बाजूने एक खरंखुरं कारण आहे.

घरचं ठरलंच, तर पहिला रोल मुद्दाम एका दुपारी बिनमहत्त्वाच्या गोष्टींवर संपवा: खिडकी, पायऱ्या, टेबलावरचा पेला. प्रत्येक फ्रेमचं एक्स्पोजर वहीत लिहा आणि त्याच संध्याकाळी धुवा. पट्टी बाथरूममध्ये टांगण्याआधी गरम पाण्याचा शॉवर मिनिटभर सोडून बंद करा, वाफेने हवेतली धूळ खाली बसते. मग चिमटा लावून टांगा, खालच्या टोकाला दुसरा चिमटा वजनासाठी लावा, दार ओढून घ्या आणि दोन-तीन तास आत जाऊ नका. ओली फिल्म किंचित दुधाळ आणि वळलेली दिसते, सुकली की स्वच्छ आणि सरळ होते. तोवर कात्री हातात घ्यायची नाही. नंतर सहा-सहा फ्रेमचे तुकडे, प्रत्येक कापण्याआधी पट्टी उजेडासमोर धरून.