दोनच क्लॅम्प आणि फणसाचं रुंद टेबल: टप्प्याटप्प्याने की पाचरींनी?

टेबलाच्या रुंद माथ्यासाठी फणसाच्या फळ्या कडेला कड चिकटवायच्या, आणि फेविकॉल सुकेपर्यंत त्या आवळून धरणारे क्लॅम्प दोनच असतील, तर फळ्या जोडायच्या दोन वाटा आहेत.

पहिली, जोड्यांची. आज दोन फळ्या, उद्या दोन, मग त्या जोड्या एकमेकींना. प्रत्येक सांधा नीट पाहता येतो, पुढच्या जोडीआधी कडेवर पुन्हा रंधा मारता येतो. फेविकॉल लावल्यावर धावपळ नाही. पण कोकणात पावसाळ्यात तो सावकाश सुकतो, म्हणून प्रत्येक टप्प्याला पुरती रात्र द्यावीच.

दुसरी, पाचरींची. सपाट फळीवर दोन पट्ट्या पक्क्या ठोकायच्या, मध्ये सगळ्या फळ्या, आणि एका बाजूला उलटसुलट दोन-दोन पाचरी. हलके ठोकले की सगळे सांधे एकदम आवळतात. दाब वाढला की फळ्या मधून वर उचलतात, म्हणून आडवी पट्टी टाकून तिच्यावर वजन ठेवा, खाली प्लास्टिक, नाहीतर तीही चिकटेल. पाचरी सुताराकडच्या तुकड्यांतून निघतात, खर्च जवळजवळ नाही.

चार फळ्यांपर्यंत मी जोड्यांच्याच बाजूने. सहा-सात असतील तर पाचरी. मात्र कडा सरळ नसतील तर दोन्ही व्यर्थ: फट दाबाने मिटवली तरी लाकूड सुकताना सांधा पुन्हा उघडतो.