फ्लूटचे पॅड: घरी बदलायचे की मुंबईला न्यायचे?

धातूच्या फ्लूटचे खालचे स्वर दबायला लागले की नाशिकमध्ये तीन वाटा समोर येतात. भोकं हवाबंद झाकणाऱ्या मऊ गाद्यांचा, म्हणजे पॅडचा, संच ऑनलाइन मागवून घरी बसवायचा, फ्लूट घेऊन मुंबई-पुण्याचा कारागीर गाठायचा, किंवा जुना कपाटात टाकून स्वस्तातला नवा घ्यायचा. माझं मत आधीच सांगतो. एक-दोन पॅड घरी बदलावेत, चांगल्या फ्लूटचा अख्खा संच कारागिराकडूनच बसवावा, आणि तिसऱ्या वाटेला शक्यतो जाऊ नये. बांबूची बासरी वाजवणाऱ्यांना ही चिंता नाही, तिथे बोट हेच पॅड. म्युनिकच्या थिओबाल्ड बोमने 1847 मध्ये आजच्या घडणीचा फ्लूट बनवला तेव्हा भोकं बोटांपेक्षा मोठी ठेवली. मग ती झाकायला वाट्या आल्या आणि वाट्यांच्या आत पॅड आले.

आधी गळती शोधा

पैसे खर्च करण्याआधी एक गोष्ट पक्की करा: हवा निसटते कुठून? फ्लूटमध्ये वरच्या एका पॅडमधून गळती झाली तरी त्याच्या खालचे सगळे स्वर बिघडतात. त्यामुळे खालचा सी (सगळ्यात खालचा स्वर; सी, डी, ई ही पाश्चात्त्य स्वरनावं) वाजत नाही म्हणून खालच्या तुकड्यातले पॅड बदलणारे लोक चुकीच्या जागी मेहनत करत असतात. त्याच्या एक सप्तक वरच्या सी पासून एकेक अर्धा स्वर खाली उतरत या, हळू फुंकून. आवाज जिथे पहिल्यांदा पातळ होतो, त्या किंवा त्याच्या जरा वरच्या पॅडवर संशय घ्यायचा.

मध्यंतरी माझ्याकडे शाळेच्या बँडमधल्या एका मुलीचा फ्लूट आला होता. तिच्या घरच्यांनी पूर्ण संच मागवायची तयारी केलेली. मोठे पॅड सगळे ठीक होते. दोष निघाला ट्रिलच्या (दोन स्वर झरझर आलटून-पालटून वाजवायच्या) कीच्या चिमुकल्या पॅडमध्ये, त्याचा पापुद्रा कडेला जरासा फाटला होता. तो एक पॅड बदलला आणि खालचा डी पुन्हा भरून वाजला.

कधीकधी पॅडचा काही संबंधच नसतो. एफ, ई आणि डी यातली कुठलीही की (वाटी बंद करणारी कळ) दाबली की एफ शार्पची वाटीही तिच्यासोबत बंद व्हायला हवी. विद्यार्थ्यांच्या बहुतेक फ्लूटवर त्यासाठी बारीक स्क्रू असतात. ते सैल झाले तर नवे पॅड बसवूनही फरक पडणार नाही. हेड जॉइंटमधलं, म्हणजे फुंकायच्या वरच्या तुकड्यातलं, बूचही तपासा. सफाईच्या काडीवर जी रेघ असते ती टोकापासून 17 मिलिमीटरवर आखलेली असते, आणि काडी आत घातल्यावर ती रेघ फुंकायच्या भोकाच्या बरोबर मध्यावर दिसायला हवी. बूच सरकलं असेल तर वरच्या सप्तकाचे सूर हलतात, आणि लोक बिचाऱ्या पॅडना दोष देतात.

घरी करायचं तर

सामान नाशिकमध्येच जमतं. घड्याळजीचे बारीक स्क्रूड्रायव्हर मेन रोडच्या आसपास मिळतात. सुईसारख्या स्प्रिंगा अडकवायला आणि सोडवायला क्रोशाची सुई उत्तम चालते. गळती तपासायला सिगारेटचा सुटा कागद पानटपरीवर मिळतो. आणि व्हर्नियर कॅलिपर? सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात काम करणारं कुणीतरी प्रत्येकाच्या ओळखीत असतं. एक संध्याकाळ मागून आणा, कारण पॅड मागवताना अंदाज चालत नाही. वाटीचा आतला व्यास आणि पॅडची जाडी, दोन्ही मोजूनच मागणी नोंदवायची. खालच्या सी पर्यंत वाजणाऱ्या साध्या फ्लूटला सोळा-सतरा पॅड असतात आणि ते सगळे एका मापाचे नसतात. कीजना मधे भोकं असलेला फ्लूट असेल तर त्या कीजचे पॅडही मधे मोठं भोक असलेले हवेत.

मोठ्या वाट्यांतला पॅड वॉशर आणि स्क्रूने धरलेला असतो. छोट्या कीजमधला चिकटवलेला असतो, पूर्वापार चपडा लाखेने. स्वच्छ चपडा रंगाच्या दुकानात मिळतो. सराफ बाजारात कारागीर वापरतात त्या लाखेत बहुधा भुकटी मिसळलेली असते, ती यासाठी घेऊ नका. आणि झटपट चिकटणारा गोंद तर अजिबात नको. पुढच्या वेळी तो पॅड काढणाऱ्याचे हाल होतात.

कीज काढताना पुठ्ठ्यावर फ्लूटचं चित्र काढा आणि प्रत्येक स्क्रू, कीज जिच्यावर फिरतात ती प्रत्येक दांडी चित्रात ज्या जागी आहे तिथेच टोचून ठेवा. दोन दांड्या दिसायला सारख्या असल्या तरी लांबीत किंचित फरक असतो. चुकीच्या जागी गेलेली दांडी की अडकवते.

इथपर्यंत कुणालाही जमेल. खरं काम पॅड वाटीत बसवल्यावर सुरू होतं. पॅड म्हणजे पुठ्ठा, त्यावर लोकरीची नमदा आणि त्यावर ताणलेला पातळ पापुद्रा. हा पापुद्रा भोकाच्या काठाला चहूबाजूंनी एकाच वेळी, एकाच दाबाने टेकला पाहिजे. सिगारेटच्या कागदाची अगदी अरुंद पट्टी कापा. ती पॅडखाली धरा, की बोटाच्या वजनाएवढीच दाबा आणि पट्टी ओढून बघा. बिजागरीकडे, समोर, डावीकडे आणि उजवीकडे, चारही ठिकाणी ओढ सारखी लागली पाहिजे. बिजागरीकडे घट्ट आणि समोर सैल असेल तर पॅड जाड झालाय. उलट असेल तर पातळ पडलाय. एका कुशीलाच सैल असेल तर पॅड काढायचा, त्या बाजूला मागून अर्धचंद्राच्या आकाराची कागदाची चकती घालायची, पुन्हा बसवायचा, पुन्हा की लावायची, पुन्हा ओढून बघायचं. एका पॅडसाठी हे चार-सहा वेळा करावं लागणं अगदी सामान्य आहे. वॉशरचा स्क्रू जास्त आवळला तर पापुद्र्याला सुरकुती पडते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

कारखान्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागात काम करणाऱ्या माणसाला हे सोपं वाटतं, आणि त्याचा हात खरंच तयार असतो. पण लोखंड मापात राहतं, नमदा हवेबरोबर फुगते आणि आक्रसते. म्हणून दाबून, कसून, जोर लावून बसवलेला पॅड टिकत नाही. न दाबता, कागदाच्या चकत्यांनी जुळवलेलाच टिकतो.

म्हणजे घरच्या कामात खर्च कमी, वेळ भरपूर. पॅडचा साधा संच कारागिराच्या मजुरीपुढे अगदी स्वस्त पडतो. आणखी एक फायदा कुणी बोलून दाखवत नाही: पॅड बसल्यावर काही आठवड्यांत थोडे दबतात आणि तेव्हा पुन्हा जुळवावे लागतात. घरी शिकलेला माणूस ते त्याच रात्री करतो, बाहेरून करून आणलेल्याला पुन्हा प्रवास पडतो.

कारागिराकडे न्यायचं तर

पाश्चात्त्य वाद्यांची चौकशी करायला मुंबईत धोबी तलावचा परिसर सोयीचा आहे. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघालं की सीएसएमटीवरून तिथे चालत जाता येतं आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत. फ्लूट कुरिअरने पाठवू नका. कडक पेटीत असला तरी आपटल्यावर दांडी वाकते, आणि वाकलेली दांडी हा पॅडपेक्षा महागडा आजार आहे. मांडीवर घेऊन जा.

कारागिराला पैसे कशाचे द्यायचे, हे समजून घेतलं तर ते जड वाटत नाहीत. भोकाचा काठ कुठे बसका झालाय, वाटी कुठे तिरकी झालीय, की दांडीवर किती हलते, हे तो पॅडला हात लावायच्या आधी बघतो. काठ सपाट नसेल तर जगातला सर्वांत महागडा पॅडही तिथे बसणार नाही. ते दुरुस्त करायची अवजारं घरी नसतात आणि ती घेऊन शिकायला आपला फ्लूट ही योग्य जागा नव्हे. बुचाचे बारीक तुकडे, नमदे, स्प्रिंगांचा ताण, सगळ्या कीजचा एकमेकींशी मेळ हे सगळं तो एकत्र बघतो. यामाहाचा वायएफएल-222 हा विद्यार्थ्यांचाच फ्लूट, पण नीट राखला तर वर्षानुवर्षं साथ देतो. असा फ्लूट पहिल्या प्रयोगासाठी उघडू नये असं मला मनापासून वाटतं. चांदीच्या फ्लूटबद्दल तर विचारूच नका.

जवळचा पर्याय म्हणून भांडी बाजारात किंवा सराफाकडे नेण्याचा मोह होतो. ही माणसं धातूचं काम उत्तम जाणतात. पण बफिंगच्या चाकावर फ्लूट चमकतो, चांदीचा मुलामा उडतो आणि भोकांचे काठ गोलावतात. मग पॅड कधीच धड बसत नाहीत.

स्वस्तातला नवा

थोडक्यात सांगतो. अगदी स्वस्त नव्या फ्लूटच्या कीज मऊ धातूच्या असतात आणि त्यातले पॅड घाईने बसवलेले असतात, त्यामुळे पेटीतून काढल्याकाढल्याच गळती सापडणं नवलाचं नाही. जुना चांगला फ्लूट बाजूला ठेवून हा घेणं म्हणजे तोच त्रास विकत घेणं. एकच अपवाद: जुन्या फ्लूटची नळीच पिचली असेल किंवा कीज तुटल्या असतील तर. तेव्हाही नव्यापेक्षा तपासून घेतलेला जुना बरा. आणि असा स्वस्त फ्लूट आधीच घरात पडून असेल, तर पूर्ण संच घरी बदलून शिकायला त्याच्यासारखा दुसरा नाही. बिघडला तरी हळहळ वाटत नाही, आणि हात मात्र तयार होतो.

कुठले पॅड आणि कधी

पॅडवरचा तो पापुद्रा परंपरेने गुराच्या आतड्याचा असतो, पूर्वी वरख कुटायला वापरत त्याच जातीचा. घरात यावरून कुणाच्या मनाला लागणार असेल तर संच मागवण्याआधी विचारून घ्या. कृत्रिम पॅडही मिळतात आणि ते दमट हवेत कमी हलतात. पण ते जास्त सपाट आणि कमी दबणारे असल्यामुळे काठातला बारीकसा दोषही झाकत नाहीत. म्हणून पहिल्यांदा घरी करणाऱ्याने साधे नमद्याचे घ्यावेत, कृत्रिम घ्यायचे तर कारागिराच्या हातून बसवावेत.

हंगामाचा विचार इथे मुंबईपेक्षा जास्त करावा लागतो. श्रावणात आपल्याकडे हवा ओली असते आणि पौषात निफाडकडची थंडी हाडात शिरते तेव्हा कोरडी. आषाढात फुगलेल्या नमद्यावर जुळवलेला पॅड थंडीत आक्रसला की पुन्हा गळतो. बँडवाल्या मंडळींना चातुर्मासात लग्नं नसल्याने वेळ असतो आणि दुरुस्त्याही तेव्हाच निघतात, पण पॅडसाठी तोच काळ सगळ्यात वाईट. दसरा झाला की तुळशीच्या लग्नापर्यंतचे दिवस धरा. हवा निवळलेली असते आणि सीझन सुरू व्हायच्या आत एकदा पुन्हा जुळवायलाही सवड मिळते.

पावसात पॅड चिकटत असतील तर ते बदलायची घाई करू नका. गोड चहा पिऊन लगेच वाजवणं हे त्याचं नेहमीचं कारण. चूळ भरून वाजवा. चिकटलाच तर पॅडखाली सिगारेटचा कोरडा कागद ठेवून की हलकेच दाबा, सोडा, मग कागद काढा. दाबलेला असताना ओढू नका, पापुद्रा फाटतो. टाल्कम पावडर नको, ती दांड्यांत जाऊन बसते.

मुंबईला निघायचं ठरलं, तर आदल्या दिवशी फोनवर चार गोष्टी विचारा. पॅड कुठल्या जातीचे घालणार? मागून कागदाच्या चकत्या घालून जुळवता, की तापवून दाबता? भोकांचे काठ तपासणार का? आणि पॅड दबल्यावर महिनाभराने पुन्हा आणला तर जुळवून देण्याचे वेगळे पैसे घेणार का? काठांबद्दल विचारल्यावर समोरचा गोंधळला, तर तिकीट काढू नका, दुसरा कारागीर शोधा.