नऊ महिने, सात रेकॉर्डी: थ्रॅशचा जुना वाद घरी वाजवून पाहिला तेव्हा

मावसभावाचा आणि माझा एक वाद कॉलेजपासून चालू आहे. थ्रॅश मेटलचा, म्हणजे हेवी मेटलमधल्या त्या वेगवान, आक्रमक प्रकाराचा, सगळ्यात भारी अल्बम कोणता? त्याचं उत्तर ठरलेलं: मेटालिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स', विषय संपला. माझं उत्तरही ठरलेलं: स्लेयरचा 'रेन इन ब्लड'. गणपतीला भेटलो की हा वाद, कुणाच्या लग्नात पंगतीत शेजारी बसलो तरी हाच वाद. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये मेटालिका ऐकायला दोघं मिळून बंगळुरूला गेलो. पॅलेस ग्राउंड्सवर 'मास्टर ऑफ पपेट्स' सुरू झालं आणि हजारो लोक एका गळ्यानं गायला लागले, तेव्हा त्यानं माझ्याकडे वळून नुसत्या भुवया उंचावल्या. मी काही बोललो नाही, पण मत बदललं नव्हतं.

गेल्या वर्षी टर्नटेबल घेतला तेव्हा ठरवलं की तोंडानं वाद घालणं पुरे. सात अल्बम घ्यायचे, एप्रिल ते डिसेंबर घरात वाजवायचे, आणि कुठला किती वेळा लावला ते कालनिर्णयच्या मागच्या पानावर रेघा मारून मोजायचं. एकच अट होती. लावली की रेकॉर्ड पूर्ण ऐकायची, दोन्ही बाजू. सात नावं अशी: मेटालिकाचे 'राइड द लायटनिंग' (१९८४) आणि 'मास्टर ऑफ पपेट्स' (१९८६), एक्सोडसचा 'बॉन्डेड बाय ब्लड' (१९८५), स्लेयरचा 'रेन इन ब्लड' (१९८६), क्रिएटरचा 'प्लेझर टू किल' (१९८६), अँथ्रॅक्सचा 'अमंग द लिव्हिंग' (१९८७) आणि मेगाडेथचा 'रस्ट इन पीस' (१९९०).

आधी खरेदीबद्दल थोडं. सातातली एक रेकॉर्ड वाकलेली आली. प्लेअरवर ठेवली की सुई होडीसारखी वरखाली व्हायची आणि लांबवलेला सूर थरथरायचा. विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला, तरी त्यानं बदलून दिली नाही. शेवटी दोन जाड काचांमध्ये घालून वर शब्दकोशांचं वजन ठेवलं. तीन आठवड्यांनी बरीचशी सरळ झाली. दुसरं म्हणजे पावसाळा. जुलैत 'प्लेझर टू किल'च्या कव्हरच्या कडेला पांढरट बुरशी दिसली. तेव्हापासून प्रत्येक कव्हरवर प्लास्टिकचं आवरण आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या. आपल्याकडे रेकॉर्डी घेणार असाल तर हा खर्च पहिल्या दिवसापासून धरा.

आता मुद्द्याचं. सीडीवर आणि फोनवर ऐकताना जे कधीच लक्षात आलं नव्हतं ते रेकॉर्डीनं पहिल्याच महिन्यात दाखवलं, ते म्हणजे लांबी. 'मास्टर ऑफ पपेट्स' जवळपास ५५ मिनिटांचा आहे, म्हणजे एका बाजूला सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटं. एवढं संगीत एका बाजूत बसवायचं तर खाचा दाट कोराव्या लागतात आणि आवाजाची पातळी खाली ठेवावी लागते. शिवाय सुई जसजशी आत, मधल्या लेबलाकडे जाते, तसतसा त्याच वेगात खाचेचा कमी कमी भाग तिच्याखालून सरकतो आणि वरचे सूर खरखरीत व्हायला लागतात. त्या अल्बमचं शेवटचं गाणं 'डॅमेज, इंक.' हे सगळ्यात वेगवान गाण्यांपैकी एक, आणि ते नेमकं या सगळ्यात वाईट जागी येतं. झांजांची धार तिथे जाते. मी सुईचा दाब बदलून पाहिला, कोन बदलून पाहिला, थोडाच फरक पडला. हाच अल्बम २००८ मध्ये ४५ च्या वेगाच्या (मिनिटाला ४५ फेऱ्या, नेहमीच्या ३३ ऐवजी) दोन रेकॉर्डींवरही निघाला, तो का निघाला हे मला आता कळतं.

'रेन इन ब्लड' याच्या अगदी उलट. दहा गाणी आणि सगळी मिळून २९ मिनिटंही नाहीत. एका बाजूला चौदा-पंधरा मिनिटं. खाचा ऐसपैस, आवाज दणदणीत, शेवटपर्यंत धार टिकलेली. तो निघाला तेव्हा त्याच्या काही कॅसेटींवर अख्खा अल्बम दोन्ही बाजूंना भरलेला असायचा, म्हणजे संपला की उलटा करा आणि पुन्हा तोच ऐका. त्याला साजेसाच प्रकार.

पण स्लेयरचा हा अल्बम फक्त छोटा म्हणून मोठा नाही. निर्माता रिक रुबिन हिप-हॉपच्या डेफ जॅम कंपनीचा माणूस. त्यानं आणि ध्वनिमुद्रक अँडी वॉलेस यांनी गिटार आणि ड्रमवरचा घुमारा काढून टाकला. त्या काळातले बहुतेक मेटल अल्बम मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये वाजल्यासारखे ऐकू येतात, आणि एवढ्या वेगात तसा घुमारा ठेवला की एक ठोका दुसऱ्यात मिसळून नुसता चिखल होतो. इथे प्रत्येक ठोका कोरडा आणि सुटा आहे. 'एंजेल ऑफ डेथ'मध्ये शेवटाकडे सगळे थांबतात आणि ड्रमर डेव्ह लोम्बार्डोचे दोन पाय काही सेकंद एकटे बेस ड्रमवर धावतात. ती जागा मी नऊ महिन्यांत साठ वेळा ऐकली, आणि दर वेळी हातातलं काम थांबलं. पहिली बाजू तर मी एका दमात ऐकतो. 'ऑल्टर ऑफ सॅक्रिफाइस' कुठे संपतं आणि 'जीझस सेव्ह्ज' कुठे सुरू होतं ते आजही मला मुद्दाम कान देऊन शोधावं लागतं.

याच गाण्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. 'एंजेल ऑफ डेथ' हे आउशविट्झमधल्या योझेफ मेंगेलेच्या प्रयोगांवर आहे. डेफ जॅमच्या रेकॉर्डी वितरित करणाऱ्या कोलंबिया कंपनीनं हा अल्बम वितरित करायला नकार दिला आणि मग गेफन या दुसऱ्या कंपनीनं तो बाजारात आणला. स्लेयरचा गिटारवाला जेफ हॅनमननं लिहिलेल्या त्या शब्दांत मेंगेलेचं कौतुक नाही, पण निषेधाचं वाक्यही नाही. नुसतं वर्णन आहे. ते ऐकताना पोटात जे होतं ते नऊ महिन्यांत कमी झालं नाही, आणि कमी होऊ नये असंच मला वाटतं. ज्यांना हे नको वाटेल त्यांचं मी चूक म्हणणार नाही.

मावसभावाच्या बाजूनंही एक संध्याकाळ नोंदवतो, कारण तीच मला सगळ्यात जास्त आठवते. ऑगस्टमधली गोष्ट. आई हॉलमध्ये मेथी निवडत बसली होती. 'मास्टर'ची दुसरी बाजू चालू होती आणि 'ऑरायन' आलं. साडेआठ मिनिटांचं, शब्द नसलेलं गाणं. मध्यावर सगळा गलका ओसरतो आणि क्लिफ बर्टनचं बेस गिटार एकटं, संथ, फिरत फिरत वर येतं. आईचा हात थांबला. "हे छान आहे रे, हे राहू दे," म्हणाली. गाणं संपेपर्यंत ती तशीच बसली होती, मांडीवर जुडी आणि बोटांत एक काडी. मी तिला सांगितलं की हे बेस वाजवणारा मुलगा हा अल्बम निघाल्यावर सहा-सात महिन्यांतच, २७ सप्टेंबर १९८६ ला, स्वीडनमध्ये बस उलटून गेला, चोवीस वर्षांचा होता, आणि त्याच्या अंत्यविधीला हेच वाजवलं होतं. ती काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात तिनंच विचारलं, "ते त्या मुलाचं लावतोस का?"

'राइड द लायटनिंग' मला 'मास्टर'पेक्षा जास्त आवडायला लागला, हे या नऊ महिन्यांतलं पहिलं आश्चर्य. दोन्ही कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत निर्माता फ्लेमिंग रासमुसेनबरोबर ध्वनिमुद्रित झालेले. 'मास्टर' जास्त पक्का आहे, गायक-गिटारवाला जेम्स हेटफिल्डचं मिनिटाला दोनशेहून जास्त ठोक्यांच्या वेगात तारा फक्त वरून खाली छेडणं आजही हात दुखवतं. पण 'राइड'मध्ये शोध दिसतो. 'फाइट फायर विथ फायर'च्या आधीची ती नाजूक सुरावट, मग 'फेड टू ब्लॅक', शेवटी 'द कॉल ऑफ क्टुलू'. वेगाशिवायही जड वाजता येतं हे तिथे कळत जातं.

बाकीच्यांबद्दल आटोपतं घेतो. 'अमंग द लिव्हिंग' हा सातांमधला सगळ्यात उमदा अल्बम. क्लिफ बर्टनला अर्पण केलेला. 'कॉट इन अ मॉश' लागलं की पाय थांबत नाहीत, पण दुसऱ्या बाजूला माझं मन दर वेळी थोडं भटकलं. 'प्लेझर टू किल' एसेनच्या पोरांनी केलेला, गायक-गिटारवाला मिल्ले पेट्रोत्सा तेव्हा अठरा वर्षांचा. पुढच्या युरोपियन डेथ आणि ब्लॅक मेटलचं (मेटलचे आणखी टोकाचे प्रकार) बीज यात आहे यात शंका नाही, तरी रोजच्या ऐकण्यात मी त्याच्याकडे कमी वळलो. 'बॉन्डेड बाय ब्लड'चं दुःख वेगळं. तो १९८४ च्या उन्हाळ्यातच तयार होता, पण बाजारात यायला एप्रिल १९८५ उजाडला. गिटारवाला कर्क हॅमेट मेटालिकात जाण्याआधी याच बँडमध्ये होता. गायक पॉल बॅलॉफचा आवाज सुरात नाही आणि तेच त्याचं मोल. गॅरी होल्टचे रिफ (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटी) ऐकले की सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठचं थ्रॅश म्हणजे नेमकं काय, ते समजावून सांगावं लागत नाही.

आणि आता 'रस्ट इन पीस'. माझ्याकडे जुनी सीडी होती, २००४ च्या रीमिक्सची. तेव्हा गायनाच्या काही मूळ पट्ट्या सापडल्या नाहीत म्हणून मेगाडेथचा गायक-गिटारवाला डेव्ह मस्टेननं काही गाणी नव्यानं गायली होती, आणि मी वर्षानुवर्षं तेच ऐकत होतो. रेकॉर्ड मात्र १९९० ची, वापरलेली मिळाली. मूळ मिक्समधला तो तरुण, दात खाऊन बोलल्यासारखा आवाज पहिल्यांदा ऐकला आणि अल्बम नव्यानंच भेटला. खाचांमध्ये थोडी खरखर आहे, ती मी आनंदानं चालवून घेतो.

'हँगर १८'च्या दुसऱ्या अर्ध्या भागात मस्टेन आणि दुसरा गिटारवाला मार्टी फ्रीडमन एकामागून एक सोलो घेतात, जुगलबंदीसारखे. फ्रीडमनचे सूर तिरपे, कुठल्याशा पूर्वेकडच्या वळणाचे, आणि मस्टेनचे रागीट. 'टॉर्नेडो ऑफ सोल्स'मधला फ्रीडमनचा सोलो मी एका रविवारी सुई उचलून उचलून अकरा वेळा ऐकला. माझीच अट मोडली, त्यामुळे त्याच्या रेघा मारल्या नाहीत. शेवटच्या गाण्याआधी 'डॉन पॅट्रोल' येतं. त्यात फक्त बेस, ड्रम आणि पुटपुटणारा आवाज. इतक्या गर्दीनंतर ती रिकामी खोली किती नेमकी ठेवली आहे हे मला दहाव्या-बाराव्या खेपेला उमगलं.

डिसेंबरअखेर रेघा मोजल्या. 'रेन इन ब्लड' ६१ वेळा, 'रस्ट इन पीस' ४८, 'राइड' ३८, 'बॉन्डेड बाय ब्लड' ३३, 'मास्टर' ३१, 'अमंग द लिव्हिंग' २२, 'प्लेझर टू किल' १९. मी जिंकलो असं वाटलं. मग मावसभावानं फोनवर शांतपणे विचारलं, "दादा, मिनिटं मोजलीस का?" मोजली. स्लेयर साडेएकोणतीस तास. 'रस्ट इन पीस' चाळीस मिनिटांचा, म्हणजे बत्तीस तास. आम्ही दोघंही हरलो होतो.

तिथून पुढे आमचं बोलणं पहिल्यांदाच वेगळ्या वाटेनं गेलं. इतकी वर्षं आम्ही 'श्रेष्ठ' आणि 'प्रभावी' ही दोन नावं एकाच गोष्टीला देत होतो. 'रेन इन ब्लड'चा प्रभाव मोठा, कारण त्यातून उचलण्यासारखं खूप होतं. कोरडा आवाज, अखंड वेग, छोटी गाणी. फ्लोरिडाच्या डेथ मेटलवाल्यांनी ते उचललं. पब्लिक एनिमी या हिप-हॉप गटानं तर 'एंजेल ऑफ डेथ'चा रिफच १९८८ मध्ये आपल्या गाण्यात घेतला. 'मास्टर'नं वेगळी वाट दाखवली. रेडिओ नाही, व्हिडिओ नाही, तरी अमेरिकेत त्याच वर्षी गोल्ड, म्हणजे पाच लाख प्रती. पुढच्या सगळ्या बँडना त्यामुळे कंपन्यांची दारं उघडली. 'रस्ट इन पीस'मागे मात्र तशी रांग लागली नाही. तो १९९० मध्ये आला तेव्हा थ्रॅशची लाट ओसरायला लागली होती, आणि त्यातलं वाजवायला फ्रीडमन आणि ड्रमर निक मेन्झाच लागतात. जे उचलता येत नाही त्याची परंपरा होत नाही. घरात रोज लावायला त्यानं काही बिघडत नाही.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं पहिली रेकॉर्ड 'राइड द लायटनिंग' घ्यावी असं मी म्हणेन, आणि 'मास्टर' घ्यायचाच तर जमलं तर ४५ च्या वेगाचा घ्यावा. स्लेयर रात्री दहानंतर हेडफोनवर ऐकावा. 'रस्ट इन पीस' मिळेल ती जुनी प्रत पाहावी, थोडी खरखर असली तरी चालेल, फक्त ती सपाट आहे का हे दुकानातच डोळ्यांच्या पातळीवर धरून तपासावं.

नव्या कालनिर्णयच्या मागच्या पानावर आठवं नाव लिहिलंय: सेपुल्तुराचा 'बिनीथ द रिमेन्स'. मावसभाऊ रविवारी येतोय, रेकॉर्ड त्याच्याकडेच आहे. आईनं त्याला सांगून ठेवलंय की आधी 'ऑरायन'.