पेव्हर ब्लॉकचं ‘ॲसिड वॉश आणि कोटिंग’: पैसे देण्याआधी हे वाचा

एप्रिल-मे आला की सोसायट्यांच्या गेटवर पेव्हर ब्लॉक साफ करून देणारे फिरू लागतात. बोलणं ठरलेलं असतं: पावसाळ्याआधी ॲसिड वॉश आणि कोटिंग करून घ्या, शेवाळ धरणार नाही, रंग उडणार नाही, दहा वर्षांची लेखी गॅरंटी. आमच्या सोसायटीच्या आवाराचं काम असंच दिलं गेलं. दर 18 रुपये चौरस फूट, साठ टक्के ॲडव्हान्स, बाकीचे काम संपेल त्या दिवशी. शेवटचा चेक गेला तेव्हा आवार आरशासारखं चकाकत होतं. जुलैमध्ये गेटजवळच्या उतारावरचे ब्लॉक डुगडुगायला लागले, पाय पडला की फटीतून गढूळ पाण्याची पिचकारी उडायची आणि चकाकीच्या जागी पांढरट, दुधी पापुद्रा आला होता. ठेकेदाराचा फोन बंद. गॅरंटीच्या कागदावर ना जीएसटी नंबर, ना धड पत्ता.

या फसवणुकीची सुरुवात एका मगभर ॲसिडने होते. काळ्या पडलेल्या एका ब्लॉकवर ॲसिड ओततात, फसफसून फेस येतो, आणि “बघा, मळ कसा सुटतोय” म्हणून दाखवतात. तो फेस मळाचा नसतो. बाजारात मिळणारं साधं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. त्याची सिमेंटमधल्या कॅल्शियमच्या संयुगांशी प्रक्रिया होते, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि सिमेंट विरघळत जातं. कोऱ्या, गोदामातून आलेल्या ब्लॉकवर ओतलं तरी तसाच फेस येतो. ठेकेदारासमोर हे करून पाहायला हरकत नाही, त्याचं बोलणं तिथेच थांबेल. ॲसिड मारलेला ब्लॉक दोन दिवस उजळ दिसतो, कारण वरची कातडी गेलेली असते. मग बोट फिरवलं की कणी लागते, आतली खडी डोकावते आणि त्या खरखरीत पृष्ठभागावर शेवाळ आधीपेक्षा लवकर धरतं. दोन थरांच्या ब्लॉकमध्ये रंगीत थर वरचे काही मिलिमीटरच असतो, त्यामुळे गेलेला रंग परत येत नाही. नव्या ब्लॉकवर येणारा पांढरा लोणा घालवायलाही ॲसिडची घाई नको. तो चुनखडीचा असतो आणि पावसापाण्याने, वापराने हळूहळू जातो.

एक गोष्ट जिवाशी खेळणारी आहे. शेवाळासाठी आधी ब्लीचिंग पावडर टाकतात आणि ती धुवून न काढताच वर ॲसिड मारतात. या दोन्हींचा संयोग झाला की क्लोरीन वायू सुटतो. स्टिल्ट पार्किंगसारख्या (इमारतीखाली, खांबांमधल्या) बंदिस्त जागेत तर असं काम तिथल्या तिथे थांबवा आणि माणसांना बाहेर काढा.

दुसरा घात प्रेशर मशीनने होतो. पेव्हर ब्लॉक टिकतात ते फटीतल्या वाळूवर. 2 ते 4 मिलिमीटरची फट कोरड्या, बारीक वाळूने गच्च भरलेली असेल तरच एका ब्लॉकवरचा भार शेजारच्या ब्लॉकवर जातो. बारीक धारेचं नोझल सरळ फटीवर धरलं की ही वाळू उडून जाते. फट रिकामी झाली की पावसाचं पाणी थेट खालच्या वाळूच्या थरात उतरतं, ती वाळू चेंबरच्या दिशेने वाहून जाते आणि ब्लॉक खचतो. त्यावरून पाण्याचा टँकर गेला की पुढचं सांगायला नको.

धुतल्यावर वाळू परत भरली का, हे गोण्या मोजून कळतं. 200 × 100 मिलिमीटरचे ब्लॉक असतील तर एका चौरस मीटरमध्ये साधारण 15 मीटर लांबीची फट येते. फट 3 मिलिमीटरची आणि वाळू 20 मिलिमीटर खोलपर्यंत गेली असेल, तर चौरस मीटरला जवळजवळ 1.35 किलो वाळू लागते. आमचं आवार 5,200 चौरस फूट, म्हणजे सुमारे 483 चौरस मीटर. तेव्हा लागणार होती साडेसहाशे किलो, म्हणजे पन्नास किलोच्या तेरा गोण्या. आल्या तीन. झिगझॅग ब्लॉकचा हिशेब थोडा बदलतो, पण तेराच्या तीन होत नाहीत.

कोटिंगचा हिशेबही असाच. सच्छिद्र काँक्रीटवर ॲक्रिलिक सीलरचा, म्हणजे कोटिंगच्या द्रवाचा, एक लिटर एका हाताला ढोबळमानाने 4 ते 6 चौरस मीटर पुरतो. पाच धरला तरी 483 चौरस मीटरला एका हाताला 97 लिटर, दोन हातांना जवळपास 195. कोटेशनमध्ये दोन हात होते आणि आवारात आले वीस-वीस लिटरचे दोन डबे, तेही सील तोडलेले. चाळीस लिटरमध्ये एक हातही पुरा होत नाही. थिनर ओतूनच तो पुरवावा लागतो. असा पातळ हात पैसे चुकते होईपर्यंत चमकतो.

शिवाय तो मारला ओल्या ब्लॉकवर, सकाळी धुतलं आणि दुपारी कोटिंग. आत अडकलेली वाफ बाहेर यायला धडपडते आणि थर दुधी होतो, पापुद्रे सुटतात. धुतल्यानंतर किमान एक-दोन दिवस कडक ऊन मिळायला हवं. खात्री करायची असेल तर प्लॅस्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने ब्लॉकवर लावून रात्रभर ठेवावा. सकाळी खाली दव दिसलं तर कोटिंग करू देऊ नये. चकचकीत थर भिजला की घसरडा होतो, हेही लक्षात घ्या. वयस्कर मंडळी आणि दुचाकी, दोघांनाही उतारावर तो धोक्याचा. आमच्या मते सोसायटीच्या आवारात कोटिंगची गरजच नसते. हवंच असेल तर आत मुरणारं, न चमकणारं सिलेन-सिलोक्सेन प्रकारचं, पाणी शिरू न देणारं सीलर घ्यावं.

मापातही मारलं होतं. बिलात 6,000 चौरस फूट लावले. टेप धरल्यावर कुंड्यांचे वाफे, चेंबरची झाकणं आणि टाइल्स बसवलेला स्टिल्टचा भाग वजा होऊन 5,200 निघाले. 800 फुटांचे 14,400 रुपये फुकट गेले असते. माप काम सुरू होण्याआधी, दोघांनी मिळून, कागदावर घ्यावं.

खरं तर हे काम महागाचं नाही. आधी खराट्याने कोरडं झाडून घ्यायचं, गवत मुळासकट काढायचं. शेवाळावर बाजारातल्या सोडियम हायपोक्लोराइटचा (पातळ ब्लीचचा) एक भाग आणि पाण्याचे चार भाग असं मिश्रण शिंपडून 15-20 मिनिटं ठेवायचं, वाळू द्यायचं नाही, मग नायलॉनच्या ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवायचं. हातमोजे आणि चष्मा हवाच. झाडांच्या वाफ्यांत आणि पर्जन्यजल संधारणाच्या खड्ड्यात हे पाणी जाऊ देऊ नका. तेलाचा ताजा डाग लाकडाच्या भुशाने टिपून मग डिटर्जंटने घासावा. मशीन वापरायचंच असेल तर पंख्यासारखी फाकणारी धार, एक फूट अंतर आणि तिरका कोन, फटीच्या रेषेला आडवा. आवार पूर्ण सुकलं की 2.36 मिलिमीटरच्या चाळणीतून गाळलेली कोरडी वाळू झाडूने फटींत भरायची, रबर पॅड लावलेला प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरून दाब देणारं यंत्र) फिरवायचा, वाळू खाली बसली की पुन्हा भरायची. स्टीलची पट्टी फटीत घालून बघा. वरच्या कडेपासून 3-5 मिलिमीटरच्या आत वाळू लागली पाहिजे.

वर्क ऑर्डरमध्ये सीलरचं नाव, लिटर, हात आणि वाळूच्या गोण्या आकड्यांत लिहून घ्या. डबे सीलबंद येतील, कमिटीसमोर उघडतील आणि रिकामे डबे मोजल्याशिवाय उचलले जाणार नाहीत, ही अट घाला. ॲडव्हान्स मालाच्या किमतीपुरताच. वीस टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. ज्याला कामाची खात्री आहे तो याला तयार होतो. जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे हे लगेच दिसतं.

ज्यांचं काम होऊन गेलं आहे त्यांनी कोटेशन, पैसे दिल्याचा पुरावा, रिकाम्या डब्यांचे आणि फटींचे पट्टी धरलेले फोटो एकत्र ठेवावेत. बंगल्याच्या मालकांना राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. पैसे घेऊन माणूस गायब झाला असेल तर पोलीस चौकीत लेखी अर्ज द्यावा. दुधी थरावर पुन्हा कोटिंग मारून घेऊ नका, ओल आणखी कोंडते. आत्ता पाऊस चालू असेल तर डुगडुगणाऱ्या भागावरून टँकर आणि कचऱ्याची गाडी बंद करा, दोन दिवस उघडीप मिळाली की फटींत कोरडी वाळू सारा, आणि ब्लॉक उचलून खालचा थर समतल करायचं काम ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी ठेवा.