समुद्रपूरहून जेबेल अलीला हळद: कंटेनरने माल पाठवण्याचा काही महिन्यांचा अनुभव

गेल्या हंगामापासून आमचा शेतकरी गट वाळलेली हळद समुद्रमार्गे दुबईला, तिथल्या जेबेल अली बंदरात, पाठवतो आहे. सुरुवातीला दुसऱ्यांच्या मालासोबत, म्हणजे एलसीएलने, आणि नंतर स्वतःचा पूर्ण वीस फुटी कंटेनर घेऊन. आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातले, वायगाव हळदीच्या पट्ट्यातले. या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, कुरकुमिन, म्हणजे हळदीला रंग आणि गुण देणारं द्रव्य, सहा टक्क्यांच्या वर भरतं, आणि तरी बाजारात ती कुठल्याही हळदीच्या ढिगात मिसळून त्याच भावाने जाते, हे मनाला लागत होतं. म्हणून हा रस्ता धरला. आजूबाजूच्या गटांचे फोन सारखे येतात, तर एकदा सविस्तर लिहून ठेवते.

माझं मत आधी सांगते. या सगळ्या प्रवासात समुद्राचा टप्पा सगळ्यात बिनघोर आहे आणि अंतराच्या मानाने सगळ्यात स्वस्तही. पैसा, वेळ आणि झोप जाते ती जमिनीवर: आपल्या खळ्यापासून मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदराच्या फाटकापर्यंत आणि तिकडच्या बंदरापासून खरेदीदाराच्या गोदामापर्यंत. माल खराब होतो तोही बहुतेक वेळा आपणच पोत्यातून आत पाठवलेल्या ओलाव्याने.

एलसीएलबद्दल थोडं. यात भाडं घनमीटरवर किंवा वजनावर, जे जास्त भरेल त्यावर लागतं. एक घनमीटर बरोबर एक टन असा हिशोब धरतात. हळकुंड जागा खातं. एक टन हळकुंडाची पोती एका घनमीटरमध्ये कधीच बसत नाहीत, म्हणजे आपण कायम जागेचंच भाडं देतो. तीच हळद दळून खोक्यांत भरली तर हिशोब बराच सुधारतो. नमुन्याच्या मालाला किंवा पहिल्या छोट्या ऑर्डरला एलसीएल चांगलं आहे, नवीन खरेदीदार पारखून घेता येतो. पण पोती वाटेत पुन्हा पुन्हा हाताळली जातात. बंदराजवळच्या कंटेनर फ्रेट स्टेशनात उतरतात, तिथे कंटेनरमध्ये चढतात, पलीकडे पुन्हा उतरतात, आणि दर वेळी हमालाचा लोखंडी आकडा तागाचं पोतं फाडतो. शेजारी कोणाचा काय माल येईल हेही आपल्या हातात नसतं. हळद वास पटकन धरते; रबर किंवा रसायनाच्या शेजारी ती महिनाभर राहिली तर वासावरून खरेदीदार भांडू शकतो.

एलसीएलच्या भाड्यातही नीट पाहायला लागतं. एका फॉरवर्डरने, म्हणजे माल पोचवण्याची व्यवस्था लावणाऱ्या मध्यस्थाने, आम्हाला समुद्राचं भाडं इतकं कमी लावलं की गटात सगळे खूश झाले. मग तिकडे माल पोचल्यावर आमच्या खरेदीदाराच्या हातात उतराई, कागद सोडवणं, गोदाम अशा नावांचं भलंमोठं बिल पडलं. हा त्या धंद्यातला सर्रास प्रकार आहे: इकडे भाडं उतरवायचं आणि तिकडे वसूल करायचं. खरेदीदार चिडतो तो आपल्यावर. म्हणून कोटेशन मागताना तिकडच्या बंदरावरचे सगळे खर्च ओळीने लिहून मागा आणि तो कागद खरेदीदाराला आधीच दाखवा.

पूर्ण कंटेनर घेतला तेव्हापासून मात्र जीव भांड्यात पडला. आपल्या अंगणात बंद झालेलं दार थेट खरेदीदाराच्या गोदामात उघडतं, याचं मोल पोत्यांचा धंदा करणाऱ्यालाच कळेल. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन या अमेरिकन ट्रकवाल्याने ‘आयडियल एक्स’ जहाजावरून नेवार्कहून ह्यूस्टनला ५८ पेट्या धाडल्या, तेव्हापासून हा पेटीचा व्यवहार रुळला. त्याआधी जहाजाच्या पोटात पोती-खोकी बहुतेक हमालांच्या हातांनी सुटी सुटी रचली जायची.

वीस फुटी कंटेनर आतून साधारण ५.९ मीटर लांब, २.३५ मीटर रुंद आणि २.३९ मीटर उंच असतो. कागदावर ३३ घनमीटर, पण पोत्यांनी तेवढा कधी भरत नाही. त्याचं स्वतःचं वजन सव्वादोन टनांच्या आसपास आणि मालासकट कमाल मर्यादा ३०,४८० किलो. गोंदिया-भंडाऱ्याकडचे तांदूळवाले त्यात २५-२६ टन भरतात, त्यांचं वजन आधी संपतं. आपल्या हळकुंडाची जागा आधी संपते. म्हणून त्यांच्या अनुभवावरून आपला खर्च काढू नका.

रिकामा कंटेनर दारात आला की पहिलं काम करायचं ते तपासणीचं. आम्ही दोघं जण आत उभे राहतो, बाहेरून दारं बंद करून घेतो आणि छताकडे, कोपऱ्यांकडे बघतो. कुठूनही उजेडाची सुई दिसली तर तो कंटेनर परत. मग फळ्यांचा वास घ्यायचा, तळाला हात लावून ओल बघायची, दाराचं रबर चाचपायचं. आधीच्या मालाचे तेलाचे डाग असले तरी परत. ट्रेलरचा ड्रायव्हर कुरकुर करतो, ‘अजून किती वेळ, ताई’ म्हणतो, त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही. दारावरचा नंबर, म्हणजे चार अक्षरं आणि सात आकडे, बुकिंगच्या कागदाशी जुळवून फोटो काढून ठेवायचा.

गावात कंटेनर आणणं हा वेगळाच विषय. ट्रेलर लांब असतो, त्याला वळायला मोकळी जागा लागते. वाटेतल्या लोंबत्या तारा, पुलाची रुंदी, गावातलं वळण हे आधी चालत जाऊन बघा. आपली काळी माती पावसात ट्रेलरला गिळते. मृग लागल्यावर डांबरी रस्त्यापासून आत कंटेनर बोलावण्याचा विचारही करू नये. शिजवून, वाळवून, ढोलात पॉलिश करून आपली हळद उन्हाळ्यात तयार होते, तेव्हा पाठवणी एक तर पावसाआधी उरकायची, नाहीतर दिवाळीनंतर. दुसरी अडचण उंचीची. शहरातल्या कारखान्यात कंटेनरच्या पातळीला ओटा असतो, आपल्याकडे ट्रेलरची फळी छातीइतकी वर. आम्ही ट्रॅक्टरची ट्रॉली उलटी लावून दाराला भिडवतो आणि मध्ये जाड फळी टाकतो. वीस फुटी डबा ट्रेलरच्या मागच्या टोकाला, दार मागे करून ठेवून पाठवा असं बुकिंगच्या वेळीच सांगा. तो पुढे ठेवलेला असला तर ट्रॉली दारापर्यंत पोचतच नाही. पोती दोन्ही टोकांना सारख्या वजनाने लावायची, आणि दाराजवळची शेवटची थप्पी बांधून घ्यायची, म्हणजे तिकडे दार उघडणाऱ्याच्या अंगावर पोतं पडत नाही.

आता ओलावा. यावर सगळ्यात जास्त लिहायचं आहे, कारण यावर कोणी बोलत नाही.

गटातले एक काका पहिल्यांदा कंटेनर बघून म्हणाले, ‘‘ताई, येवढा मोठा डब्बा, तं याच्यातली हवा कुठून जाते जी?’’ हवा जात नाही, हेच सगळ्याचं मूळ आहे. वरच्या बाजूला बारीक छिद्रं असतात, पण त्यांच्याने भागत नाही. विदर्भाच्या उन्हात पत्रा भाजतो, पोत्यांतला, लाकडी तळातला ओलावा वाफ होऊन हवेत येतो. रात्री पत्रा गार पडला की तीच वाफ छताला थेंब होऊन लटकते आणि वरच्या पोत्यांवर टपकते. जहाजावर हे रोज घडतं. खाऱ्या पाण्याचा एक थेंबही आत न येता पोती भिजतात, बुरशी धरतात, आणि बुरशी लागलेला मसाला तपासणीत नापास झाला की तो माल कोणाच्याच कामाचा राहत नाही.

आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत अख्ख्या हळदीला १२ टक्के आणि पावडरीला १० टक्के ओलाव्याची मुभा आहे. समुद्रासाठी अख्ख्या हळदीला ती मुभा पूर्ण वापरू नये असं माझं ठाम मत आहे. आम्ही नऊच्या वरचं पोतं भरतच नाही. यावरून गटात वाद होतात, कारण जास्त वाळवलं की वजन घटतं आणि वजन घटलं की पैसा घटतो. तो राग मला समजतो. तरीही प्रत्येक शेतकऱ्याच्या हळदीची वेगळी तपासणी, वेगळी नोंद आणि ओली निघाली तर परत खळ्यावर, हा नियम आम्ही कोणासाठीही मोडत नाही. एका ओल्या पोत्याची वाफ सगळ्या डब्यात फिरते. हळकुंड मोडून बघायचं, ते खणखणीत आवाज करून तुटलं पाहिजे. पण आवाजावर थांबू नका, ओलावामापक घ्याच.

त्याशिवाय आम्ही भिंतींना आणि तळाला जाड क्राफ्ट कागद लावतो, थप्प्यांवर वरूनही अंथरतो, आणि कॅल्शियम क्लोराइडच्या ड्राय बॅग टांगतो. त्या पाणी ओढून घेतात आणि खालच्या पिशवीत साठवतात. खरेदीदाराने पाठवलेल्या फोटोत त्या पिशव्या भरलेल्या दिसल्या तेव्हा गटातल्या सगळ्यांना हा खर्च पटला. भरणी सकाळी कोरड्या हवेत करायची. ढग असतील तर दिवस पुढे ढकलायचा. लाकडी पॅलेट वापरणार असाल तर त्यावर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकडातून कीड पसरू नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, शिक्का हवा; त्यासाठी लाकूड सहसा गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं असतं. आम्ही पॅलेट घेतच नाही. जागा जाते आणि लाकूडही ओलावा आणतं.

कस्टमचं काम नागपुरातच इनलँड कंटेनर डेपोत, म्हणजे बंदरापासून दूर आतल्या भागात असलेल्या कंटेनरच्या तळावर होतं, याचा मोठा आधार आहे. तिथे निर्यातीची परवानगी मिळाली की सीलबंद डबा रेल्वेने न्हावाशेवाला जातो आणि आपल्याला मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. सरळ रस्त्यानेही नेता येतो. समृद्धी महामार्गाचं ७०१ किलोमीटरचं अंतर ट्रेलर झपाट्याने कापतो. आमची पसंती रेल्वेला आहे, पण रेकची, म्हणजे पूर्ण मालगाडीची, वाट बघावी लागते. म्हणून जहाजाच्या कटऑफच्या, म्हणजे बंदरात डबा घेण्याच्या शेवटच्या वेळेच्या, आधी भरपूर दिवस हातात ठेवा. आमचा एक डबा शिपिंग लाइनने आयत्या वेळी पुढच्या जहाजावर ढकलला. कारण विचारलं तर ‘जागा नाही’ एवढंच उत्तर. खरेदीदाराला तारीख सांगताना मी आता त्यात वाढीव आठवडा धरूनच सांगते.

वजनाचा दाखला, म्हणजे व्हीजीएम, १ जुलै २०१६ पासून जगभर सक्तीचा आहे. भरलेला डबा काट्यावर तोलायचा, किंवा माल, बांधणी आणि डबा यांची वजनं जोडायची. तो नसेल तर डबा जहाजावर चढत नाही. गावातल्या काट्याची पावती प्रमाणित आहे का ते आधीच बघा.

बाकी कागदपत्रं ऐकायला भीतिदायक वाटतात, पण एकदा लावली की लागली. आयात-निर्यात कोड पाचशे रुपयांत ऑनलाइन निघतो, मात्र दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो अद्ययावत करावा लागतो. मसाले मंडळाची निर्यातदार नोंदणी लागते. वाळलेल्या हळदीवर ५ टक्के जीएसटी आहे. एलयूटी, म्हणजे निर्यात करू असं हमीपत्र, भरून ठेवली तर तो न भरता माल जातो, पैसा परताव्यात अडकत नाही. फायटो, म्हणजे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, आणि धुरीकरण यांची तारीख सीएचएकडून, म्हणजे कस्टमचं काम करून देणाऱ्या एजंटाकडून, भरणीच्या दिवसाशी जुळवून घ्या. सीएचए चांगला मिळाला तर निम्मं ओझं उतरतं. आमचा माणूस रात्रीही फोन उचलतो, आणि माझ्या लेखी त्याची ही गोष्ट त्याच्या दरापेक्षा महत्त्वाची आहे.

विम्यावर काटकसर करू नका. मे २०२५ मध्ये ‘एमएससी एल्सा ३’ हे ६४० कंटेनर घेऊन जाणारं जहाज केरळच्या किनाऱ्यापाशी बुडालं. आणि आपला डबा सुखरूप असला तरी खर्च येऊ शकतो: जहाज संकटात सापडलं आणि ते सोडवायला खर्च झाला तर त्याचा वाटा जहाजावरच्या सगळ्या मालधन्यांवर पडतो. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या ‘एव्हर गिव्हन’च्या वेळी हेच झालं. वाटा किंवा त्याची हमी भरल्याशिवाय माल सोडत नाहीत. विमा असेल तर हा भार कंपनी उचलते. हा जुना सागरी नियम गटाच्या बैठकीत समजावून सांगितल्यावर विम्याच्या हप्त्यावर पुन्हा कोणी वाद घातला नाही.

पैशाचं सांगायचं तर बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती, हीच आपली किल्ली. त्याच्या सहसा तीन मूळ प्रती निघतात आणि ‘टू ऑर्डर’ केलेलं असेल तर मूळ प्रत दाखवल्याशिवाय माल हातात पडत नाही. काही रक्कम आगाऊ आणि बाकी बँकेतून कागद सोडवताना, अशी पद्धत आम्ही ठेवली आहे. ‘‘बाहेर पाठवाचं तं पैसे केव्हा येतीन?’’ हा प्रश्न प्रत्येक शेतकरी विचारतो आणि त्याला तो विचारायचा पूर्ण हक्क आहे. आमच्याकडे कागद बँकेतून फिरून येईपर्यंत बराच काळ जातो. तेवढे दिवस शेतकऱ्याला थांबवायची ताकद गटाकडे नसेल तर पूर्ण कंटेनर घेऊ नका, आधी खेळतं भांडवल उभं करा. नव्या खरेदीदारासाठी ईसीजीसीचं, म्हणजे निर्यातीचे पैसे बुडण्याविरुद्ध विमा देणाऱ्या सरकारी कंपनीचं, संरक्षण मिळतं, तेही घ्या.

युरोपातूनही विचारणा आली आहे. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून कितीतरी जहाजं आफ्रिकेला, केप ऑफ गुड होपला, वळसा घालून गेली, आणि तशा वळशात दीड-दोन आठवडे वाढतात. जेबेल अलीला न्हावाशेवाहून जहाज काही दिवसांतच पोचतं. जास्त दिवस समुद्रावर, त्यात तिकडची थंडी, म्हणजे आत जास्त थेंब. म्हणून युरोपासाठी हिवाळ्यात अख्खं हळकुंड पाठवायला मी तयार नाही. आतून अस्तर लावलेल्या पिशव्यांत पावडर पाठवून बघायचं बोलणं सुरू आहे. हिंगणघाट, सेलू, भिवापूर भागातल्या कोणत्या गटाला अर्धा कंटेनर भरेल एवढी, नऊ टक्क्यांच्या आत वाळवलेली हळद असेल तर दिवाळीनंतरच्या पाठवणीत एकत्र यायला आम्ही तयार आहोत. तपासणी आमच्या खळ्यावर, सगळ्यांसमोर होईल.